एका शनिवारापुरता पंखा

१

खराडी बायपासच्या सिग्नलला कमरजहां बाईंची पांढरी गाडी चौथ्यांदा उकळली, आणि या खेपेला ती एकटी उकळली नाही. मागचे दोन रिक्षावाले उकळले, एक टँकरवाला उकळला, चौकातला हवालदार तर आधीपासूनच उकळत होता. बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. राकेश ड्रायव्हर घाईघाईने उतरला आणि गाडी निवायची वाट न बघता त्याने फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून त्याच्या उजव्या हातावर आलं.

ही हकिकत तात्याराव गायकवाडांना सोमवारी सकाळी फोनवर समजली. बाईंचा आवाज शांत होता. वर्गात छडी उचलण्यापूर्वी तो तसाच व्हायचा.

"तात्याराव, माझ्या गाडीत चोरी होते आहे. चोर बहुधा घरातलाच आहे. तुम्ही या."

"बाई, चोर पकडायला पोलीस असतात. मी वायरी जोडणारा माणूस."

"चोरी पंख्याची आहे. रेडिएटरच्या पंख्याची. पोलिसांना तो कुठे असतो ते मी समजावत बसू का?"

तात्यारावांनी कपाळावर हात मारला. आळंदी रस्त्यावर चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरी जोडून ते एकाहत्तराव्या वर्षी घरी बसले होते. गुडघे गेले होते. लोक अजून फोन करायचे, आणि तात्याराव तिरसटपणे सांगायचे, "दुकान बंद आहे, तोंड चालू आहे, सल्ला हवा तर घ्या." पण बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. शेहेचाळीस वर्षांचे होईपर्यंत तात्यारावांना अक्षर ठाऊक नव्हतं. फ्यूज रंगावरून ओळखायचे, सही म्हणून अंगठा. कमरजहां बाईंनी प्रौढांच्या वर्गात त्यांना 'त' गिरवायला लावला होता. ज्या बाईने आपल्याला आपलं नाव लिहायला शिकवलं तिने बोलावलं, तर गुडघे काय म्हणतात हे विचारायचं नसतं.

त्यांनी रिक्षा केली आणि विश्रांतवाडीतल्या बाईंच्या सोसायटीत गेले. जिन्यातच राकेश बसलेला दिसला. हाताला कोपरापर्यंत बँडेज.

"तात्या," तो उठून म्हणाला, "नऊ वर्षं झाली मला बाईंकडे. शनिवारचा वर्ग झाला की किल्ली ठेवून जायला सांगितलंय. मी चोर आहे म्हणे."

२

बाईंचा भाचा इम्तियाज सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. वय चौतीस, खराडीत कंपनीत नोकरी, आणि आपलं बोलणं समोरच्याला कळलंच नसणार असा कायमचा चेहरा.

"अंकल, लॉजिक सिंपल आहे," तो म्हणाला. "फूफी दर शनिवारी वाघोलीला बांधकामावरच्या बायकांचा वर्ग घेते. नोव्हेंबर एंडला गाडी पहिल्यांदा ओव्हरहीट झाली, कारण पंखा फिरला नाही. गॅरेजवाल्या आफताबने पंख्याला करंट देणारा रिले बदलला. पुढच्या वर्गाला गाडी ओके. त्याच्या पुढच्या वर्गाला परत उकळली. मग सेन्सर बदलला. एकदा ओके, पुढच्या वेळी परत तेच. मग आख्खी मोटर नवीन टाकली. दहा जानेवारीला ओके, सतराला बूम! प्रत्येक नवा पार्ट एक शनिवार टिकतो. याचा अर्थ काय?"

"तुम्हीच सांगा. तुम्हाला सांगायचंच आहे."

"नवा पार्ट चालतो हे सगळ्यांनी बघितलं की मग कोणीतरी तो काढून जुना बसवतं. आणि गाडीची किल्ली कोणाकडे असते?"

बाई खिडकीपाशी ताठ बसल्या होत्या. पंचाहत्तरी उलटली तरी पाठ फळ्यासारखी सरळ. "मला पटत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण चार वेळा? तात्याराव, एकदा घडतं त्याला अपघात म्हणावं, दुसऱ्यांदा घडलं तर योगायोग. चौथ्यांदा मी मुलांना अंगठे धरायला लावत असे."

"मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार आहे शनिवारी," इम्तियाज म्हणाला. "बाकीच्यांनी तरी सावध राहावं."

एकदा त्या ग्रुपवर नाव गेलं की राकेशला या रस्त्यावर कोणी सायकलही चालवायला देणार नव्हतं. ड्रायव्हरची भाकरी त्याच्या नावावर असते.

"बाई, तुमची वही बघायची आहे."

बाईंनी सवयीने लगेच वही काढून दिली. मुख्याध्यापिका असताना त्या शाळेची नोंदवही लिहायच्या, आता गाडीची लिहीत. तारीख, कुठे गेलो, निघताना किलोमीटर किती, आल्यावर किती, शेरा.

"ती मी पाहिली," इम्तियाज म्हणाला. "काही नाहीये त्यात."

"पाहिली ना? मी वाचणार आहे," तात्याराव म्हणाले. "मला नुसती नजर फिरवता येत नाही. उशिरा शिकलो. प्रत्येक अक्षराला हात लावून पुढे जावं लागतं."

उठताना त्यांनी आधारासाठी कोपऱ्यातल्या फळ्यावर हात टेकला. लाकडी, दीड-दोन हात उंचीचा, बाई वर्गाला बरोबर न्यायच्या तोच जुना फळा. याच्यावरच तात्यारावांनी पहिला 'त' काढला होता. वरच्या कडेवर त्यांचा अंगठा सहज फिरला आणि एका खोलगट जागी अडकला. बोटाच्या पेराएवढा गोल खड्डा, आतलं लाकूड ताजं, कडेला काळसर डाग.

"बाई, फळ्याला इजा झाली की."

"म्हातारा झाला तोही," बाई म्हणाल्या.

३

आफताबचं गॅरेज समोरच्या गल्लीत होतं. गाडी तिथे उभी होती. रेडिएटर साफ करायला उतरवलेला, आणि पंख्याची मोटर टेबलावर पडलेली, धुळीने काळीठिक्कर.

"चाचा, ही बघा," आफताब म्हणाला. "दोन आठवड्यांपूर्वी नवी कोरी बसवली होती. ही नवी वाटते? मीच इम्तियाजभाईंना बोललो, पार्ट बदललेला दिसतोय."

"तू नव्या पार्टला खूण करतोस का रे?"

"करतो ना. पिवळ्या रंगाचा ठिपका, मागच्या बाजूला."

"बघितलास?"

आफताबने मोटर उलटी केली. मागेही नुसती धूळ.

तात्यारावांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मग खिशातला रुमाल काढला, थुंकी लावली आणि मोटरची पाठ पुसली. वाघोलीच्या रस्त्याची धूळ निघाली आणि खालून पिवळा ठिपका वर आला, हळदीच्या बोटासारखा.

"एका माणसाची नोकरी चालली आहे, आफताब, आणि तुला फडकं मारायला सवड नाही?"

आफताब कान चोळत राहिला. "मग चाचा, पंखा फिरत का नाही?"

"ते मी तुला विचारायचं. तू प्रत्येक वेळी गाडी दिलीस ती तपासून ना? कशी तपासलीस?"

"नेहमीसारखी. स्टार्ट केली, एसी लावला, पंखा फिरला. गाडी ओके."

"एसी लावून."

"हां. सगळेच तसं करतात. इंजिन तापायची वाट बघायची म्हणजे वीस मिनिटं जातात."

"आणि बाई एसी लावतात का?"

"नाही. घसा बसतो त्यांचा. काचा उघड्या ठेवतात."

तात्यारावांना त्याचे कान उपटायची फार इच्छा झाली. पण त्याच्या दाढीतही आता पांढरे केस होते, शोभलं नसतं. "बाबा रे, पंख्याला दोन धनी असतात. एसीने हाक मारली की तो उठतो आणि इंजिन तापलं की सेन्सरच्या हाकेनेही उठतो. दोघांच्या वायरी वेगळ्या. बाई दर शनिवारी दुसऱ्या धन्याच्या भरवशावर वाघोलीला जातात आणि तू प्रत्येक वेळी पहिल्या धन्याला विचारून येतोस, सगळं ठीक ना? तो म्हणतो, ठीक!"

आफताबचं तोंड उघडं राहिलं.

"पण चाचा," तो सावकाश म्हणाला, "सेन्सरच्या बाजूला खराबी असती, तर गाडी दर शनिवारी उकळली असती. एक शनिवार सोडून एक कशी?"

प्रश्न बिनतोड होता. आफताबकडून आलेल्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसावं, याचा त्यांना दिवसभर राग येत राहिला.

४

मोटर चोरीला गेलेली नाही हे कळल्यावर राकेश सुटेल, असं तात्यारावांना वाटलं होतं. इम्तियाजने ते फोनवर पाच मिनिटांत मोडीत काढलं.

"मग तो वायर काढून ठेवत असेल. दर वेळी गॅरेजला काम मिळतं, त्याला त्यातून काही मिळत असेल. ते तर आणखी वाईट!"

तात्यारावांनी फोनकडे असं पाहिलं, जणू तो इम्तियाजचा कान आहे. काही माणसांना चोर आधी सापडतो आणि चोरी नंतर.

बुधवारी ते पुन्हा सोसायटीत गेले. फाटकापाशी बापूराव वॉचमन खुर्चीत ऊन खात बसले होते, लोणी काळभोरचे. शेजारी राकेश.

"झाकण का उघडलंस रे गरम असताना?" तात्यारावांनी विचारलं.

"मला वाटलं पाणी कमी असेल, तात्या. पंखा नवा होता. पंख्यावर संशयच आला नाही."

तात्यारावांनी मान हलवली. स्वतः वायर काढणाऱ्याला पंखा बंद असल्याचं ठाऊक असतं. तो झाकणात हात घालून भाजून घेत नाही. पण हे इम्तियाजला सांगून उपयोग नव्हता. तो म्हणाला असता, नाटक आहे.

"आणि गाडी चांगली असायची त्या आठवड्यांत? वेगळं काही?"

"पंखा सारखा चालू असायचा. नवा पार्ट म्हणून नवा जोर असेल, असं वाटलं."

"सारखा म्हणजे?"

बापूराव मधेच बोलले. "म्या सांगतो. ती गाडी घोरती."

"घोरते?"

"व्हय. सकाळच्या पारी ह्यो गाडी धुतो अन् चालू करतो ना, थंडगार इंजिन, बाहेर धुकं, तरी लगीच घूंऽऽऽ सुरू. एक हप्ता घोरती, पुढचा हप्ता अगदी मुकी. म्या राकेशला म्हनलंबी, गाडीला सर्दी झाली हाय. ह्यो हसला."

तात्याराव हसले नाहीत. थंड इंजिनावर पंखा फिरतो आणि तापलेल्या इंजिनावर फिरत नाही. म्हणजे तो सेन्सरचं ऐकतच नव्हता. कधीच नाही. चांगल्या आठवड्यांतही नाही.

"मग हा ऐकतो तरी कोणाचं?" ते स्वतःशीच म्हणाले.

"काय म्हनला?"

"काही नाही. बापूराव, दोन महिने हे तुम्हाला माहीत होतं. कोणाला सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?" बापूराव म्हणाले, आणि त्यांनी खुर्ची उन्हात अजून थोडी सरकवली.

५

गुरुवारी दुपारी तात्यारावांनी चष्मा पुसला आणि बाईंची वही मांडीवर घेतली. बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. बाईंचं अक्षर छापल्यासारखं होतं.

'२५ ऑक्टोबर. राकेश रजेवर. गाडी इम्तियाजकडे. लोणी काळभोर, मित्राचं लग्न. निघताना ६१२०४.' दुसऱ्या दिवशी, 'परत आली. ६१४७५. गाडी धुऊन आणली, कौतुक.'

मग दवाखाना, बँक, मग दिवाळीला गावी गेलेल्या बायका परतल्यावर वर्ग सुरू. '२२ नोव्हेंबर. वाघोली, वर्ग. ठीक.' '२९ नोव्हेंबर. वाघोली, वर्ग. गाडी उकळली.' '६ डिसेंबर. वर्ग नाही, महापरिनिर्वाण दिन.' '१३ डिसेंबर. वर्ग. ठीक.' '२० डिसेंबर. उकळली.'

तात्यारावांचं बोट मागे गेलं आणि सहा डिसेंबरवर थांबलं. त्या दिवशी ते स्वतः सकाळपासून विहारात होते, त्यांच्या लेखी तो साधा शनिवार नव्हता. म्हणूनच अडखळले. इम्तियाजने याच ओळीवरून नजर फिरवली असणार.

एकोणतीसला उकळली. सहाला वर्ग नव्हता. तेराला ठीक. तो नवा रिले, जो म्हणे एक आठवडा टिकतो आणि मग कोणीतरी काढतो, तो तर तीन आठवडे गाडीत होता. वीसला उकळली तोपर्यंत. चोराने सहा डिसेंबरची सुट्टी पाळली होती काय?

पंखा आठवडे मोजत नव्हता. तो वर्ग मोजत होता. एक वर्ग चालू, एक वर्ग बंद, एक वर्ग चालू. मधल्या बँकेच्या, दवाखान्याच्या फेऱ्या त्याच्या खिजगणतीत नव्हत्या. आणि रिले, सेन्सर, मोटर यांतलं काहीही बदललं नसतं, तरी पुढच्या वर्गाला गाडी ठीकच चालली असती! नव्या पार्टने काही केलंच नव्हतं. पार्ट बदलल्यावर गाडीची पुढची पाळीच चांगली होती.

मग वाघोलीला जाताना गाडीत असं काय असतं, जे बँकेत जाताना नसतं?

तात्यारावांनी बाईंना फोन लावला. "बाई, वर्गाला जाताना कोण कुठे बसतं?"

"मी पुढे, राकेशच्या शेजारी. प्रियदर्शनी आणि यमुनाबाई मागे. प्रियदर्शनी गणित घेते, यमुनाबाई शिवण. वर्गानंतर त्या तिकडूनच आपापल्या घरी जातात."

"आणि फळा?"

"जाताना माझ्या पायांपाशी, उभा. मागे जागा कुठे असते? परतताना मागची सीट रिकामी असते, तिथे आडवा झोपतो. हे काय विचारणं?"

तात्यारावांनी आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. फळ्याच्या कडेवरचा तो गोल खड्डा त्यांना अजून बोटाला लागत होता.

"बाई, शनिवारी निघण्याआधी अर्धा तास सगळ्यांना खाली बोलवा. आफताबला, इम्तियाजला, राकेशला. आणि फळा घेऊन या."

"चोर कळला?"

"दोन आहेत," तात्याराव म्हणाले. "त्यातल्या एकाला माहीतच नाही आपण चोर आहोत ते."

६

शनिवारी सकाळी नऊला पांढरी गाडी सोसायटीच्या आवारात उभी होती. आफताबने आदल्या संध्याकाळी आणून दिली होती, एसी लावून तपासून. तात्यारावांनी हे ऐकलं आणि काहीही बोलले नाहीत, कारण बोलले असते तर अर्धा तास त्यातच गेला असता.

"राकेश, गाडी चालू कर. एसीला हात लावू नकोस. आणि आता सगळ्यांनी गप्प उभं राहायचं."

"किती वेळ?" इम्तियाजने विचारलं.

"जेवढा वेळ दोन महिन्यांत कोणी दिला नाही तेवढा."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. इम्तियाजने फोन काढला, ठेवला, काढला. आफताबच्या कपाळावर घाम आला, थंडी असून. बापूराव खुर्ची घेऊन आले. सोळाव्या मिनिटाला तापमानाचा काटा मध्याच्या वर चढला. पंखा निपचित. अठराव्या मिनिटाला आफताब न राहवून म्हणाला, "चाचा, बंद करा, उकळेल."

"बाई," तात्याराव म्हणाले, "बसा. दर शनिवारी बसता तशा. फळा घेऊन."

बाई पुढच्या सीटवर बसल्या. फळा तिरका आत घेतला आणि चपलेने खालची कड पुढे सरकवली. फळा उभा झाला आणि त्याची वरची कड डॅशबोर्डखाली घट्ट बसली.

टक्.

आणि बॉनेटखाली पंखा गरजला.

"घोरली!" बापूराव ओरडले.

काटा हळूहळू खाली उतरू लागला. बाईंनी फळ्याकडे पाहिलं, मग तात्यारावांकडे. "मी काही केलं का?"

"बटण दाबलंत, बाई. बॉलपेनसारखं बटण आहे तिथे, डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. गेल्या शनिवारी तुम्ही पंखा बंद केलात. आज चालू केलात. एका वर्गाला चालू, पुढच्याला बंद. फळ्याच्या कडेला त्याचाच वण आहे. परतताना फळा मागे असतो, म्हणून दिवसाला एकदाच दाब."

"पण मी गाडीत बटण बसवलेलं नाही."

"नाही. कोणी तरी पंखा डायरेक्ट केला आहे. सेन्सरची वायर कापून तिथे बटण जोडलंय. रस्त्यावर गाडी अडली की आपल्याकडे हा एकच इलाज, डायरेक्ट करून देतो! एसीची वायर वेगळी, ती शाबूत राहिली, म्हणून गॅरेजमध्ये सगळं ठीक. आफताब, वाक आणि ते बटण शोधून दाखव. माझे गुडघे वाकत नाहीत."

बाई उतरल्या. आफताब टॉर्च घेऊन खाली शिरला. आतून आवाज आला, "चाचा, इथे वायरींचं जंगल आहे. ही पिवळी ओढून बघू?"

"ओढ," तात्याराव म्हणाले.

"अरे ती नको!" इम्तियाज किंचाळला. "ती एअरबॅगची असेल! डावीकडे, कप्प्याच्या मागे, वरच्या..."

तो थांबला. फार उशिरा थांबला. पंखा तेवढा फिरत राहिला.

"तुला कसं माहीत?" बाईंनी विचारलं. आवाज शांत होता.

"गेस केलं, फूफी."

"बाई," तात्याराव म्हणाले, "वहीत तुम्ही आकडे लिहिता. वजाबाकी करता का?"

"वजाबाकी मी नेहमी मुलांकडून करून घेते." बाईंनी पर्समधून खडू काढला आणि फळा गाडीला टेकवून उभा केला. "इम्तियाज, लिही. एकसष्ट हजार चारशे पंच्याहत्तर. त्यातून एकसष्ट हजार दोनशे चार."

चौतीस वर्षांच्या माणसाने भर आवारात खडूने वजाबाकी केली. उत्तर आलं दोनशे एकाहत्तर.

"लोनी काळभोर?" बापूराव म्हणाले. "जाऊन-येऊन पन्नास बी न्हाई. दोनशे एकाहत्तरला आमचं गाव नवऱ्यानं उचलून वरातीत फिरवलं व्हतं काय?"

"महाबळेश्वरला गेलो होतो," इम्तियाज खाली बघून म्हणाला. "ऑफिसचे मित्र होते. तू गाडी तेवढ्या लांब दिली नसतीस. पसरणीच्या घाटात गरम झाली. वाईच्या एकाने ते बटण लावून दिलं, म्हणाला, चढाला चालू ठेवा. आल्यावर मी बंद केलं. सेन्सर कापलाय हे मला नव्हतं माहीत, फूफी, शप्पथ. मला वाटलं ते एक्स्ट्रा आहे."

"आणि गाडी उकळायला लागल्यावर?"

"डाउट आला होता."

"पहिल्या वेळी की चौथ्या?"

इम्तियाज फळ्यावरची वजाबाकी बघत राहिला. तात्यारावांना सोमवारपासून वाटत होतं की हा पोरगा मूर्ख आहे. आता त्यांना वाटलं, मूर्ख असता तर बरं झालं असतं. ज्याच्या पोटात दुखतं तोच दुसऱ्याच्या नावाने एवढा मोठ्याने ओरडतो.

बाईंनी फळा पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला. मग त्या राकेशकडे वळल्या. त्याचा हात अजून बँडेजमध्ये होता आणि त्या हातात गाडीच्या कागदांची पिशवी होती. शनिवारी सगळं परत द्यायचं, असं सांगितलं होतं ना, म्हणून त्याने आणली होती.

"राकेश, पंखा मी बंद करत होते आणि चोर तुला म्हणत होते," बाई म्हणाल्या. "पंचेचाळीस वर्षं मुलांना सांगितलं, आधी स्वतःचं उत्तर तपासा. मी तपासलं नाही. मला माफ कर."

"उशीर होतोय, बाई," राकेश म्हणाला. "प्रियदर्शनीताई टिंगरेनगरला थांबल्या असतील." पिशवी त्याने पुन्हा गाडीच्या कप्प्यात ठेवली आणि कप्पा बंद केला.

"निघू. आज पंखा चालूच आहे, वाघोलीपर्यंत जाईल?"

"जाऊन परत येईल," तात्याराव म्हणाले. "सोमवारी सेन्सरची वायर मी स्वतः जोडून घेतो. आफताब खाली वाकेल आणि मी शिव्या देईन. पण फळा तिथे ठेवू नका."

"फळ्याची सोय झाली आहे." बाईंनी मागचं दार उघडलं. "इम्तियाज, बस. मधोमध, दोघींच्या मध्ये. फळा मांडीवर घे. दर शनिवारी, मी पुरे म्हणेपर्यंत. आणि तो सोसायटीचा ग्रुप काढ. राकेशचं नाव घालून लिहायचं ठरवलं होतंस ना? लिही. मी सांगते काय लिहायचं ते. तात्याराव वाचून तपासतील."

"अंकल वाचणार म्हणजे अर्धा तास जाईल," इम्तियाज पुटपुटला.

"जाऊ दे," तात्याराव म्हणाले आणि खिशातून चष्मा काढला. "एकेक अक्षर वाचणार."